जनीबायचा डावा गाल

धवला म्हणायला बसली की जनीबायचे डोळे अर्धे मिटत. पुरते नाहीत. पापण्यांच्या फटीतून पाटावर बसलेल्या नवरीची पिवळी झालेली पावलं तेवढी दिसत राहत. बाकीचा मांडव, त्यातली माणसं, मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बायकांचा कालवा, सगळं हळूहळू लांब जाई. मग ती तिथे नसे. गाण्यात उंबराची फांदी आणायची वेळ आली की ती कुठल्याशा ओढ्याकाठी उंबराखाली उभी असे आणि पायांना ओली माती लागे. देवांना लग्नाचं बोलावणं धाडायची वेळ आली की ती दारोदार फिरून एकेकाला नावानं हाका मारी. गाणं संपलं आणि कुणी खांद्याला हात लावला की ती दचकून वर बघे, आणि आपण कुणाच्या घरी आलोय हे आठवायला तिला जरा वेळ लागे.

आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी धवलारीण लागतेच. भटजी मुहूर्ताला येतो नि अक्षता पडल्या की जातो. पण मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत लग्न पुढे नेते ती धवलारीण. कोणत्या विधीला कोणता धवला, कोणत्या देवाचं नाव कुणाच्या आधी, हे सगळं तिच्या तोंडात. कागदावर काही नाही. रोडपाली, कळंबोली आणि आसपासच्या गावांतून जनीबायला बोलावणी येत. गावाच्या चहूबाजूंनी सिमेंटचे मनोरे उभे राहिले, पलीकडे लोखंड बाजारात रात्रंदिवस ट्रक घुमू लागले, मांडवाच्या तोंडाशी डीजेचे डबे रचले जाऊ लागले, तरी हळदीच्या सकाळी डीजे बंद व्हायचा आणि लोक म्हणायचे, "थांबा रे, जनीबाय बसली."

ती मूळची मोऱ्याची. बंदराला लागून असलेल्या वाडीत तिचं लहानपण गेलं. आई लवकर गेली, तेव्हा मालूमावशीनं तिला पदराखाली घेतलं. मालूमावशीही धवलारीण होती. मावशी जाईल त्या मांडवात ही पोर तिच्या मांडीला टेकून बसायची, आणि ऐकता ऐकता पेंगायची. झोपेतच ते धवले तिच्या अंगात उतरले असावेत, कारण शिकल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की आपण पेंगायला लागलो की मावशी गाणं न थांबवता कनवटीची पिशवी सोडायची, खडीसाखरेचा एक खडा काढायची आणि आपल्या गालात सारायची. "चघल. घसा ओला ऱ्हातो." त्या गोडीत समुद्राचा वारा, ओल्या जाळ्यांचा वास आणि मावशीचा घोगरा आवाज, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

पुढे लग्न होऊन ती रोडपालीला आली. नवरा तुळशीराम मिठागरात कामाला होता. मिठागरं बुजली तेव्हा तो लोखंड बाजारात राखणीला लागला. जनीबाय मात्र आपलं गाणं आणि आपली खडीसाखरेची पिशवी घेऊन गावोगाव जात राहिली. गाताना खडा डाव्या गालात असायचा. तो विरघळला की दुसरा. हळद असली की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिच्या गालात साखर असेच. पुढे पुढे लग्न नसलेल्या दिवशीही ती असायला लागली. भाजी निवडताना, दुपारी पडल्या पडल्या, गुणगुणताना. खडा गालात गेला की धवले आपसूक तोंडात येत.

दात दुखायला लागले ते एकदम नाही. आधी गार पाणी लागायला लागलं, मग गरम चहा. मग भाकरीचा तुकडा एका दातात अडकायचा आणि ती काडीनं काढत बसायची. घरात त्यावर ठरलेले उपाय होते: लवंग दाबायची, मशेरी जास्त वेळ घासायची, उजवीकडून चावायचं. एकदा दारावर धुरी देणारी बाई आली होती. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकून तिनं जनीबायच्या तोंडात नळीनं धूर सोडला आणि वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरं काहीतरी वळवळताना दाखवलं. "ही बघ तुझ्या दातातली कीड." जनीबाय ते बघून शहारली. नंतर किती तरी दुपारी तिच्या डोळ्यांपुढे तेच यायचं: आपल्या जबड्यात एक अंधारा बोळ आहे आणि तिथे कुणीतरी लहान लहान पावलांनी चालतंय. दुखणं दोन दिवस थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

"आये, पनवेलला डॉक्टरकडे जाऊया," सून रंजिता कितीदा म्हणाली.

"दात काढतील ते. दात काढले तर धवला कसा म्हनू? बोल सगले फुस्स होतील." हे जनीबायचं उत्तर ठरलेलं. तिनं बोळकी तोंडं पाहिली होती. त्या तोंडांतून दत्त, स्वस्तिक असे शब्द कसे हवेसारखे निसटतात हे ऐकलं होतं. देवाचं नाव हवेसारखं निसटलं तर देव येईल कशाला?

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गावातल्या काशिरामच्या मुलीचं, रोशनीचं लग्न निघालं. नवरा मुलगा मोऱ्याचा, मिथुन नावाचा, बंदरावर कामाला. काशिराम आणि त्याची बायको सुनीता यांच्या लग्नातही जनीबायनंच धवले म्हटले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं नावही निघालं नाही. शिवाय वरात आपल्या माहेरी जाणार म्हणून जनीबायलाही त्या लग्नाचं अप्रूप होतं. हळदीच्या आदल्या दिवसापासून डावा गाल जड झाला होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. सकाळी पदर गालावरून घेतला, लवंग दाबली आणि मांडवात जाऊन बसली.

हळद कांडायचा धवला झाला. नवरीला हळद लावायला घेतली आणि देवांचं बोलावणं सुरू झालं. नेहमीसारखे तिचे डोळे अर्धे मिटले, मांडव लांब गेला. पण त्या दिवशी ती देवांच्या दारांशी पोचेना. वाटेत सारखं काहीतरी ठणकत होतं, कुणीतरी तिच्या कानाशी लोखंडावर घण घालत होतं. तिला वाटलं, लोखंड बाजार इतका जवळ कसा आला? मग वाटलं, आपण होडीत आहोत, होडी फार हलतेय, आणि मालूमावशी पलीकडच्या धक्क्यावरून हाका मारतेय पण तिचं तोंड नुसतं हलतंय, आवाज येत नाही.

आवाज आपलाच येत नाहीये, हे तिला उशिरा कळलं.

मांडवात सगळे तिच्याकडे बघत होते. धवला मध्येच तुटला होता. कुठल्याच बाईला असं झाल्याचं आठवत नव्हतं. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काशिराम पुढे आला, कपाळाला आठ्या. "काय झाला गो जनीबाय? म्हन ना. अर्ध्यावर सोराचा नसतो, पोरीच्या संसाराला बरा नाय."

जनीबायनं बोलायला तोंड उघडलं, पण ते दोन बोटांएवढंसुद्धा उघडेना. पदर घसरला, आणि सगळ्यांना तिचा गाल दिसला. डावीकडून चेहरा भाकरीसारखा फुगला होता, कातडी ताणून चकाकत होती.

आणि मग पाटावरची नवरीच उठली. हळद लागलेली नवरी पाटावरून अशी उठत नाही. सुनीता "अगो, बस, बस" म्हणत असताना रोशनी सरळ जनीबायपाशी आली, पिवळ्या हातानं तिचं कपाळ चाचपलं आणि म्हणाली, "आंग तापलंय हिचा." रोशनी पनवेलला वडाळे तळ्याजवळ एका दातांच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लावायचं काम करायची. असे गाल तिनं पाहिले होते. "आये, थुंकी गिललीस की दुखतंय? श्वास नीट येतो ना?" असं तिनं विचारलं, आणि मग फोन मागून घेऊन दवाखान्यात लावला. फोनवर हळदीचे डाग पडले.

"बाबा, धवला थांबला तर थांबू दे," फोन ठेवून ती म्हणाली. "हिला आथाच नेला पायजे. सूज गल्याकडं गेली तर जीवाशी येतंय. ऱ्हायलेली हलद संध्याकाली लावा. मी बसून ऱ्हाते."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांना जेवाला वाढा."

काशिरामनं आपल्या पोरीकडे पाहिलं, तिच्या पिवळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि रिक्षा बोलवायला गेला.

दवाखान्यातली डॉक्टर किशोरी तिशीतली, बारीक चणीची बाई होती. तिनं जनीबायला खुर्चीत निजवलं, वरचा दिवा ओढून घेतला. जनीबायनं डोळे मिटले, तरी दिव्याचा उजेड पापण्यांतून लाल होऊन आत येत राहिला, मिठागरातल्या दुपारच्या उन्हासारखा. तुळशीरामला भाकरी पोचवायला ती जायची तेव्हा असाच उजेड असे. खाली पांढरं, वर पांढरं, आणि मधे दंताळ्यानं मीठ ओढणाऱ्या माणसांच्या काळ्या सावल्या. सुई टोचली ती तिला कळली. मग ओठ तिचा राहिला नाही, गाल तिचा राहिला नाही. कुणीतरी तिच्या तोंडात कामं करत होतं आणि ती त्या पांढऱ्या बांधांवरून चालत होती. एक कडवट, घाण चव आली. पंपानं ती ओढून घेतली. आणि दोन दिवसांपासून ठणकणारा तो घण थांबला.

"मागची एक दाढ काढावी लागली," डॉक्टर म्हणाली. "तिच्या मुळाशी पू साठला होता. गोळ्या देते, त्या पूर्ण संपवायच्या. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. ताप वाढला, गिळायला त्रास झाला, तर लगेच फोन. आणि मावशी, आता घरी जाऊन पडा."

सोबत आलेल्या रंजितानं मान हलवली. जनीबायनंही हलवली. पण रिक्षा रोडपालीत शिरली तेव्हा तिनं बोटानं काशिरामचा मांडव दाखवला.

दिवेलागणीला राहिलेली हळद लागली. जनीबाय भिंतीला टेकून बसली. अर्धं तोंड बधिर, त्यात कापसाचा बोळा. सकाळी जिथे तुटलं होतं तिथून तिनं सुरुवात केली. शब्द निघत ते जाड, सुजलेले, कडा नसलेले. पहिली ओळ कुणाला कळली नाही. दुसऱ्या ओळीला सुनीतानं ती उचलली आणि नीट करून म्हटली. मग शेजारचीनं, मग तिच्या मागच्यांनी. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून त्या सगळ्यांच्या कानात ते धवले होतेच. आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं एवढंच. जनीबाय सूर टाकायची, कोणता देव पुढे ते बोटानं दाखवायची, आणि बायका शब्द पुरवायच्या. तिचे डोळे पुन्हा अर्धे मिटले. त्या संध्याकाळी ती देवांच्या दारांशी एकटी गेली नाही. मागून बायकांचा मोठा घोळका येत होता, आणि कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या.

लग्न पार पडलं. रोशनी मोऱ्याला गेली, आणि थोड्या दिवसांनी तिकडून येऊन जाऊन पनवेलच्या कामावर रुजू झाली. सूज उतरल्यावर जनीबाय पुन्हा दवाखान्यात आली, या वेळी रंजितानं न ओढता. डॉक्टरनं एकेक दात आरशानं पाहिला, फोटो काढले आणि ते पुन्हा पुन्हा न्याहाळले.

"मावशी, मला एक कोडं पडलंय. उजवीकडचे तुमचे दात तुमच्या वयाला चांगले आहेत. डावीकडे मात्र वरची रांग जवळजवळ गेलीय, पुढच्या दातापर्यंत. एकाच तोंडात दोन माणसं राहतात असं वाटतंय. डावीकडे काय करता तुम्ही?"

"काय करनार? कीर हाय ती तिकरं. धुरीवालीनं काढली व्हती, परत झाली."

डॉक्टर हसली नाही. तिनं काढलेली दाढ बरणीत ठेवली होती, ती जनीबायच्या तळहातावर ठेवली. "बघा बरं, कुठे दिसते का."

जनीबायनं दाढ उजेडाकडे धरली. मधोमध तपकिरी खड्डा, कडेला पोखरलेलं, पण आत कुणी नव्हतं. पावलं नाहीत, वळवळ नाही. तिनं ती उलटी करून झटकलीसुद्धा.

"कीड म्हणतात, पण किडा नसतो," डॉक्टर म्हणाली. "तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. माझ्याही आहेत, सगळ्यांच्या आहेत. आपण गोड खाल्लं की ते त्यांनाही मिळतं, आणि त्यातून ते आंबट पाणी सोडतात. लिंबाचा थेंब फरशीवर पडून राहिला की तिची चकाकी जाते ना, तसंच दाताच्या वरच्या कवचाचं होतं. अगदी थोडंसं विरघळतं."

"मंग सगल्यांचेच दात जाया पायजेत."

"जात नाहीत, कारण लाळ असते. ती आंबटपणा धुऊन काढते, आणि झिजलेलं बरंचसं भरूनही देते. पण तिला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास तरी. तेवढ्यात पुन्हा गोड आलं की तिचं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि किती वेळ तोंडात राहिलं, हे महत्त्वाचं. आता सांगा, काय असतं तुमच्या डाव्या गालात?"

 जनीबायचा हात कनवटीला गेला आणि तिथेच राहिला. रंजिता तिच्याकडे बघत होती. शेवटी जनीबायनं खडीसाखरेची पिशवी काढून ट्रेमध्ये, त्या चकाकत्या हत्यारांच्या शेजारी ठेवली.

"माज्या मावशीनं दिलेली सवय हाय," ती म्हणाली. "लई जीव व्हता तिचा माज्यावर."

"असणारच," डॉक्टर म्हणाली. "तिला तरी कुठे ठाऊक होतं?"

त्या दिवशी परत येताना जनीबाय वडाळे तळ्याकाठी बसली. पाण्यावर ऊन हलत होतं. मालूमावशी तिला फार जवळ आल्यासारखी वाटत होती, म्हातारपणी होती तशी, गाल आत गेलेली. मावशीच्या तोंडातही शेवटी शेवटी दात नव्हते. धवला म्हणताना तिचे शब्द फुटायचे, आणि लोक म्हणायचे, वय झालं. जनीबायलाही तेच वाटायचं. आता तिला मावशीचाही डावा गाल आठवायला लागला. तिचा राग आला नाही. फक्त वाटलं, कुणीतरी तिलाही तेव्हा सांगायला हवं होतं, आणि घशासाठी पाण्याचा तांब्या जवळ ठेवायला हवा होता.

उपचार पावसाळाभर चालले. जे दात वाचण्यासारखे होते त्यांची मुळं साफ करून त्यांवर टोप्या बसवल्या. जे नव्हते ते काढले, आणि त्या जागी काढता-घालता येणारी अर्धी कवळी आली. पुढचा एक दात गेला तेव्हा जनीबाय आरशासमोर उभी राहिली आणि "दत्त" म्हणाली. शब्द फटीतून निसटला. ज्याची तिला भीती होती तेच झालं होतं. त्या पावसाळ्यात तिनं कुणाकडे जाणं सोडलं, आणि घरात गुणगुणणंही.

कवळी आली तेव्हा तर आणखीच परकं वाटलं. जिभेला तिचं घर सापडेना. "स" म्हटलं की शिट्टी वाजे. मग ती दुपारी गच्चीवर जाऊन बसू लागली. समोर मनोऱ्यांच्या मधून खाडीचा एक तुकडा दिसे, भरतीला चमके, ओहोटीला काळा पडे. तिकडे बघत ती एकेक देव सावकाश म्हणे. जीभ कुठे टेकते, वारा कुठून जातो, हे लहान पोरीसारखं पुन्हा शिकत राहिली. काही दुपारी तिचा तिथेच डोळा लागे आणि स्वप्नात धवला बिनचूक येई, एकही शिट्टी न वाजता. उठल्यावर ती स्वप्नातल्यासारखाच म्हणून बघे. दिवाळीच्या सुमारास खालून रंजितानं आवाज दिला, "आये, आथा ऐकाला येतंय! सगला!"

खडीसाखर मात्र गेली ती गेलीच. पहिले काही दिवस गाल रिकामा रिकामा वाटे, कुणी सोबतीचं घरातून निघून गेल्यासारखा. मांडवात तिच्याजवळ आता पाण्याचा तांब्या असे. दोन धवल्यांच्या मधे ती घोट घेई. लग्नातले लाडू-जिलबी ती सोडत नसे. जेवणासोबत खाई, वर चूळ भरी, आणि मग पुढच्या जेवणापर्यंत तोंडाला सुट्टी. "लालेला तिचा काम करू दे," असं म्हणे. रात्री निजताना मऊ ब्रश आणि पेस्ट, कारण झोपेत लाळ आटते आणि तेव्हा दातांची राखण करायला कुणी नसतं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का हे ती रंजिताकडून वाचून घेई. मशेरीनं तिला फार छळलं. डॉक्टरनं सांगितलं होतं की मशेरीनं दात साफ होत नाहीत, हिरड्या मात्र सुटतात, आणि तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. ती सोडायची, पुन्हा धरायची, रंजितापासून लपवायची. दोन वेळा डॉक्टरनं वासावरून ओळखलं आणि ती मान खाली घालून बसली. शेवटी सुटली ती कशी, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्याच सुमाराची गोष्ट. रंजिताचा धाकटा, हृतिक, दीड-दोन वर्षांचा होता. निजताना त्याला साखर घातलेल्या दुधाची बाटली लागे. बाटली तोंडात असतानाच तो झोपी जाई. एका दुपारी तो जनीबायच्या मांडीवर तसाच निजला होता. तोंड उघडं, ओठावर दुधाचा थेंब. त्याच्याकडे बघता बघता तिला वरच्या दातांवर, हिरडीच्या कडेला, खडूनं ओढावी तशी पांढुरकी रेघ दिसली. तिनं हळूच बाटली काढून घेतली. तो रडत उठला. तिनं त्याला खांद्यावर टाकलं आणि रंजिताला हाक मारली.

"यो बघ. चांगला हाय का वाईट, मना कलत नाय. पन कालपरवा नव्हता."

डॉक्टरनं पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं आत्ताच आणलंत. ही किडीची सुरुवात आहे. अजून खड्डा पडलेला नाही, त्यामुळे हे भरून येऊ शकतं." तिनं दातांना औषधाचा लेप लावला, दर थोड्या महिन्यांनी पुन्हा लावायला सांगितला, बाटली बंद करायला सांगितली, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टनं रोज दात घासून द्यायला. बाटली बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात घरात कुणी झोपलं नाही. हृतिक रडायचा, रंजिता रडकुंडीला यायची, तुळशीराम अंथरूण घेऊन ओटीवर जायचा. जनीबाय नातवाला घेऊन येरझाऱ्या घालायची आणि हळू आवाजात धवला म्हणायची, लग्नाचा, कारण तिला दुसरी अंगाई येतच नव्हती. देवांना बोलावता बोलावता तो खांद्यावर जड व्हायचा. वर्षभरात त्या रेघा पुसट झाल्या, आणि दातांना खड्डा पडला नाही.

पुढे पुढे हळदीच्या मांडवात एक नवी रीत पडली. धवले संपले, बायका चहाला बसल्या की एखादी आपल्या पोराला पुढे करायची, "आये, याचे दात बघ ना." जनीबाय पोराला मांडीवर घ्यायची, ओठ वर करून बघायची. काळं दिसलं, पांढुरकं दिसलं की सांगायची, "मी काय डॉक्टर नाय. पन तू जा. दुखाची वाट बघू नको. दुखतंय तवा लई उशीर झालेला असतो." काही जात, काही जात नसत. एकदा एक बाई म्हणाली, दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला धावाधाव? जनीबाय म्हणाली, "पडतील तवा पडतील. पन तवर पोराला जेवाचा हाय, झोपाचा हाय. आनि त्या दातांच्याच खाली मागून येनारे थांबलेले असतात."

दोन हजार चौदाच्या थंडीतली एक दुपार. जनीबाय दर सहा महिन्यांची तपासणी करायला पनवेलला आली होती. रोशनी अजून तिथेच होती, तिनंच वेळ दिली होती. आदल्या दिवशी कळंबोलीत एक मोठं लग्न झालं होतं, आणि जनीबाय दमली होती. डॉक्टर किशोरीनं खुर्ची मागे केली, आरसा तोंडात घातला, डावीकडची रांग पाहिली, मग उजवीकडची. नवीन काही नव्हतं. फक्त एका टोपीच्या कडेला थोडा थर साचला होता, तो तिनं खरवडून काढला.

"झालं, मावशी. सगळं ठीक आहे."

जनीबाय उठली नाही. तोंड अर्धवट उघडं, हात पोटावर, श्वास संथ. तिला झोप लागली होती. आणि झोपेत ती काहीतरी म्हणत होती, अगदी बारीक आवाजात, शब्दांच्या कडा नीट धरून. डॉक्टर वाकून ऐकू लागली. कुणाला तरी बोलावणं चाललं होतं, एकेक नाव घेऊन.

रोशनी दारातून डोकावली. "मॅडम, बाहेर पुढचे पेशंट आलेत."

डॉक्टरनं ओठांवर बोट ठेवलं. हात वर करून दिवा बंद केला. खिडकीतून तळ्यावरचा उजेड छतावर हलत होता.

"दहा मिनिटं थांबायला सांग त्यांना," ती कुजबुजली, आणि स्टूल ओढून तिथेच बसली.